कुलूप नको, कोपरा द्या

मैफलीत मोबाईल असावा की नसावा, हा वाद गेली दहाएक वर्षं जगभर चालू आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून घातला जातो. एका बाजूला पिशवीवाले. दारात फोन एका चुंबकी कुलपाच्या पिशवीत बंद करायचा, पिशवी आपल्याकडेच ठेवायची, बाहेर पडताना कुलूप उघडून घ्यायचं. २०१४ साली सुरू झालेल्या योंडर नावाच्या अमेरिकी कंपनीने हा धंदा उभा केला आणि २०१८ मध्ये अमेरिकी रॉक गायक-गिटारवादक जॅक व्हाइटने आपल्या दौऱ्यात त्या पिशव्या सक्तीच्या केल्या. दुसऱ्या बाजूला ‘तिकीट माझं, हात माझा, फोन माझा’ म्हणणारे. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मैफलीतून काही जपून घरी न्यावंसं वाटणं ही एकच एक खाज आहे, तिला एक तर मोकळं सोडा, नाही तर बांधून ठेवा. हे गृहीतकच कच्चं आहे. डोक्यावर फोन धरून पंधरा सेकंदांचा तुकडा टिपणारा आणि माइकच्या काठीजवळ अडीच तास न बोलता उभा राहणारा, हे दोघेही चाहतेच. पण त्यांची हौस एका मापाने मोजली की सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझं म्हणणं साधं आहे: ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्याला कलावंताने नियम घालून जागा द्यावी. ज्यांनी ती दिली, त्यांचं नुकसान झालं नाही. उलट त्यांचा इतिहास शाबूत राहिला.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेत सापडतं. ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा बँड १९९६ साली जॉर्जियातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी सुरू झाला. पॅटरसन हूड आणि माइक कूली हे त्याचे दोन खांब मूळचे उत्तर अलाबामाच्या शोल्स भागातले. हूडचे वडील डेव्हिड हूड हे मसल शोल्सच्या गाजलेल्या स्टुडिओ-वादकांच्या संचात बेस वाजवायचे. २००१ मध्ये या बँडने ‘सदर्न रॉक ऑपेरा’ हा दुहेरी अल्बम काढला. १९७७ च्या विमान अपघातात निम्मा उद्ध्वस्त झालेल्या लिनर्ड स्किनर्ड बँडची कहाणी आणि तिच्या आडून दक्षिणेचा अभिमान व लाज दोन्ही एकत्र मांडणारं काम. कंपनी पाठीशी नव्हती. पैसे उभे राहिले ते चाहत्यांकडून आणि मित्रमंडळींकडून, चक्क वचनचिठ्ठ्या लिहून, १५ टक्के व्याजाने. लोकवर्गणीची संकेतस्थळं यायला तेव्हा अजून बरीच वर्षं होती. म्हणजे या बँडचा चाहता पहिल्यापासून नुसता टाळ्या वाजवणारा नाही, तो सावकारही आहे. आणि हा बँड मंचावर गाण्यांची ठरलेली यादी घेऊन जात नाही. एक गाणं हूडचं, एक कूलीचं, पुढचं कोणतं ते तिथल्या तिथे ठरतं. मधेच हूड एखाद्या गाण्यामागची गोष्ट पाच-पाच मिनिटं सांगत बसतो. मग एकाच दौऱ्यातले चार कार्यक्रम ऐकायला चार गावं फिरणाऱ्याला वेडा कसं म्हणायचं? भीमसेन जोशींचा शुद्ध कल्याण एकदा ऐकला, आता पुन्हा कशाला, असं आपण कुणाला विचारतो का?

ट्रकर्स प्रेक्षकांना ध्वनिमुद्रण करू देतात. त्यांच्या शेकडो कार्यक्रमांची मुद्रणं इंटरनेट अर्काइव्हच्या ‘लाइव्ह म्युझिक अर्काइव्ह’मध्ये फुकट ऐकता येतात. हा संग्रह २००२ साली ‘ईट्री’ या स्वयंसेवकांच्या मंडळाबरोबर सुरू झाला. हे मुद्रण करणाऱ्यांना तिकडे ‘टेपर’ म्हणतात. टेप कधीच गेली, नाव राहिलं.

टेपरचं काम नेमकं काय असतं हे ठाऊक नसल्यामुळेच अर्धा वाद पेटतो, म्हणून थोडं जवळून पाहू. पहिल्या रांगेत उत्तम आवाज मिळतो हा नवशिक्याचा गैरसमज. तिथे गिटारचे अँप्लिफायर आणि ड्रम अंगावर येतात आणि गाणाऱ्याचा आवाज, जो दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येतो, तो डोक्यावरून निघून जातो. चांगली जागा म्हणजे मध्यभागी, ध्वनी-मिश्रणाच्या टेबलाजवळ. दोन स्पीकर आणि आपण मिळून साधारण समभुज त्रिकोण होईल अशी. काठी अडीच ते तीन मीटर उंच, म्हणजे माइक डोक्यांच्या वर राहतात. दोन कार्डिऑइड माइक, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी टिपणारे, एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, त्यांच्यात ११० अंशांचा कोन. ही फ्रेंच रेडिओने रूढ केलेली मांडणी, तिचं नाव ‘ओआरटीएफ’. सभागृह घुमणारं असेल तर कोन ९० अंशांवर आणून अंतर २० सेंटिमीटर करतात, म्हणजे बाजूच्या भिंती कमी ऐकू येतात. माइकना ४८ व्होल्टचा पुरवठा, मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला, पातळी अशी की सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेच्या, खाली ६ ते १२ डेसिबलवर राहावा.

फसतं ते इथेच. सुरुवातीच्या पाहुण्या बँडवर पातळी लावून माणूस निर्धास्त होतो. मुख्य बँड तीन गिटार घेऊन येतो, शेवटच्या गाण्यांना आवाज आणखी चढवला जातो आणि लहरींचे माथे कापले जातात. कापलेला माथा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले, ती धास्ती बरीच कमी झाली. पण खुद्द माइकचीच सहनशक्ती संपली तर रेकॉर्डर काय करणार? दुसरी अडचण बेसची. मागच्या भिंतीला चिकटून काठी लावली की १०० हर्ट्झच्या खालचा सगळा गाळ तिथे साचतो. तिसरी, आणि सगळ्यात वाईट, गप्पा. मंच बारा मीटरवर आणि बडबड्या एका मीटरवर. त्याचा आवाज गाणाऱ्याच्याच पट्टीत बसतो, त्यामुळे तो गाळून काढता येत नाही. टेपर जगातला सगळ्यात शांत प्रेक्षक असतो तो संस्कारांमुळे नाही. बोलला तर त्याचंच काम नासतं.

मग थेट मिश्रणाच्या टेबलावरूनच तार का घेऊ नये? अनेकांना हाच शुद्ध मार्ग वाटतो. पण छोट्या क्लबात गिटारचे अँप्लिफायर मंचावरूनच इतके जोरात वाजतात की ध्वनितंत्रज्ञ त्यांना स्पीकरमध्ये फारसं चढवत नाही. टेबलावरच्या तारेत म्हणून गाणाऱ्याचा आवाज भलताच पुढे, गिटार कुठेतरी मागे, आणि टाळ्या तर जवळजवळ नाहीतच. तीन गिटारवाल्या बँडचं हे मुद्रण म्हणजे रस्सा गाळून वाढलेली मिसळ. म्हणून जाणते लोक दोन्ही एकत्र करतात, त्याला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. त्यातही गोम आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून १५ मीटरवरच्या माइकला तो तारेपेक्षा ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढं सरकवून जुळवावं लागतं. दोन यंत्रांची घड्याळं दशलक्षात दहा भाग जरी वेगळी चालली तरी दोन तासांच्या शेवटी ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि ड्रमवर एकाच्या दोन थापा ऐकू येतात.

घरी आल्यावरही सुटका नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचं स्टिरिओ मुद्रण तासाला साधारण १ जीबी जागा खातं. दोन तास ओलांडले की काही यंत्रं २ जीबीला फाइल तोडतात, तो सांधा तपासायचा. सीडीच्या दर्जात उतरवताना गाणी वेगळी करायची तर छेद ५८८ नमुन्यांच्या पटीतच घ्यावा लागतो, कारण सीडीची एक चौकट तेवढ्याचीच असते. नाही तर दोन गाण्यांमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो. मग काहीही न गमावता आकार कमी करणाऱ्या फ्लॅक स्वरूपात साठवायचं, प्रत्येक फाइलचा तपासणी-आकडा (फाइल पुढे बदलली का ते त्यावरून कळतं) काढायचा आणि सोबत एक साधी मजकुराची फाइल लिहायची: तारीख, जागा, कोणते माइक, कुठे उभे, कोणतं यंत्र, पुढे काय काय केलं. दहा वर्षांनी त्याच रात्रीच्या पाच प्रती फिरत असतात तेव्हा कोणती कुणाची, हे फक्त या फाइलवरून कळतं. आता सांगा, डोक्यावर धरलेला फोन आणि हे काम एकाच पिशवीत कसं कोंबायचं? फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला. मोठा आवाज आला की यंत्र स्वतःच पातळी खाली ओढतं, थाप गेली की वर सोडतं, आणि सगळं गाणं दम लागल्यासारखं वरखाली होतं. शिवाय मागच्या दहा जणांना मंचाऐवजी मंचाचं चित्र दिसतं. फोनविरुद्धची तक्रार खरी आहे, ती मी शंभर टक्के मान्य करतो.

पण विरोधकांचे याहून वजनदार मुद्दे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला संमतीचा. कलावंताला मंचावर चुकण्याचा हक्क आहे. अर्धवट गाणं वाजवून पाहण्याचा, घसा बसलेल्या रात्री कसंबसं निभावण्याचा हक्क आहे. ती रात्र कायमची जगापुढे ठेवायचा अधिकार चाहत्याला कुणी दिला? उत्तर: कुणीच दिलेला नाही, आणि म्हणूनच परवानगी लागते. लाइव्ह म्युझिक अर्काइव्ह परवानगी दिलेल्याच बँडची मुद्रणं ठेवतो, विक्रीला मनाई आहे आणि बँडला अटी घालता येतात. २००५ च्या नोव्हेंबरात ग्रेटफुल डेड या जुन्या अमेरिकी बँडच्या संग्रहातून उतरवून घ्यायची सोय अचानक काढली गेली. चाहत्यांनी ओरडा केला. शेवटी तडजोड झाली: प्रेक्षकांनी केलेली मुद्रणं पुन्हा खुली, टेबलावरच्या तारेची मात्र फक्त ऐकण्यापुरती. तार बँडची, हवेतला आवाज प्रेक्षकांचा. कायद्याच्या पुस्तकात अशी वाटणी नसेल, पण व्यवहारात ती दोन्ही बाजूंना पटली. संमतीचा मुद्दा त्यामुळे बंदीच्या बाजूने जात नाही. तो नियमांच्या बाजूने जातो.

दुसरा मुद्दा पैशांचा. प्रत्यक्ष कार्यक्रमांची मुद्रणं आता बँड स्वतः विकतात. मग फुकटची प्रत असताना विकतची कुणाला हवी? वॉरन हेन्सचा गव्हर्न्मेंट म्यूल हा बँड आपले कार्यक्रम ‘म्यूल ट्रॅक्स’ नावाने विकतो आणि टेपरनाही येऊ देतो. दोन्ही एकत्र नांदतात, कारण गिऱ्हाईक वेगळं नाही, तोच माणूस दोन्ही घेतो. वाइडस्प्रेड पॅनिक, हाही अथेन्सचाच, १९८६ चा, टेपरना पहिल्यापासून मोकळीक देणारा. १९९८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या गावच्या रस्त्यावर फुकट कार्यक्रम केला तेव्हा ऐंशी हजार ते एक लाख माणसं जमल्याचा अंदाज सांगितला जातो. निमित्त होतं त्यांच्या नव्या लाइव्ह अल्बमचं, म्हणजे विकायच्या वस्तूचंच. टेपमुळेच एवढी गर्दी लोटली असं म्हणणं हा बाष्कळपणा ठरेल. पण टेपमुळे ती आटली, असं तर मुळीच म्हणता येणार नाही. आणि सदर्न रॉकचा, म्हणजे दक्षिणेतल्या या रॉक संगीताचा, सगळा डोलारा मुळात उभा आहे तो प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणावर. ऑलमन ब्रदर्सचे पहिले दोन स्टुडिओ अल्बम फारसे चालले नव्हते. त्यांना नाव दिलं ते मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये मुद्रित केलेल्या तिसऱ्या अल्बमने. ते मुद्रण अर्थात कंपनीचं, टॉम डाउडसारख्या कसबी माणसाच्या देखरेखीखालचं. तरी मुद्दा तोच: या संगीताची ओळख स्टुडिओत पटत नाही, रात्री मंचावर पटते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. चाहत्यांना फार जागा दिली की ते मालक होतात. स्किनर्डचंच पाहा. २०१२ साली त्यांचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टनने एका मुलाखतीत सांगितलं की वर्णद्वेष्ट्यांनी बळकावलेला तो कॉन्फेडरेट झेंडा (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) आम्ही मंचावरून काढतो आहोत. चाहत्यांनी असा गदारोळ केला की काही दिवसांत बँडला शब्द मागे घ्यावा लागला. ट्रकर्सनाही हा अनुभव चुकला नाही. ‘द सदर्न थिंग’ हे त्यांचं दक्षिणेच्या दुटप्पी वारशावरचं गाणं; पण लोक त्यावर तोच झेंडा फडकवायला लागले, तेव्हा ते गाणं वाजवणंच बँडने थांबवलं. झेंड्यावरून देशभर वाद पेटला त्या २०१५ सालच्या उन्हाळ्यात हूडने हे जाहीरपणे लिहिलं. म्हणजे प्रेमापोटी उलटा अर्थ लावणारे चाहते असतात, आणि ते थोडेथोडके नसतात. हे नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त, हा कोणता चाहता? बँडने होता तसाच राहावं, तेच गाणं त्याच झेंड्याखाली वाजवावं, असा हट्ट धरणारा. त्याला एकच रात्र पुन्हा पुन्हा हवी असते. टेपरची हौस याच्या बरोबर उलट आहे. आजची रात्र कालच्यासारखी नसेल या खात्रीवरच तो दहा किलोचं सामान उचलून आलेला असतो. बदल हेच त्याचं भांडवल. एखादं गाणं कोणत्या वर्षी जोरात होतं, कधी गायब झालं, २०१६ च्या ‘अमेरिकन बँड’ या उघड राजकीय अल्बमनंतर हूडची मंचावरची भाषणं कशी धारदार झाली, हे आज कुणाला तपासायचं असेल तर आठवणींवर विसंबावं लागत नाही. तारीखवार ऐकता येतं. जाहिरात-विभागाने पुसून टाकलेला इतिहास इथे पुसता येत नाही. हाच चाहतावर्ग दर हिवाळ्यात अथेन्सच्या ४० वॉट क्लबमध्ये जमतो आणि त्या कार्यक्रमांतून ‘नूचीज स्पेस’ या संस्थेला निधी मिळतो. अडचणीत सापडलेल्या वादकांना मानसिक आधार आणि उपचार मिळवून देणारी ही संस्था. भोळीभाबडी भक्ती म्हणून हेटाळणी करणाऱ्यांनी हे खातंही एकदा पाहावं.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कुणाला ऐकता येत नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. एवढ्या मोठ्या गवयांचं काहीच उरलं नाही. उरल्या त्या शिष्यांच्या आठवणी आणि आख्यायिका. केसरबाई केरकरांचं ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलं, पण ते तीनेक मिनिटांच्या तबकडीत मावेल तेवढंच; बाईंची तासाभराची बैठक कशी चढत जायची ते ग्रहावर राहिलेल्या आपल्यालाही नीट ठाऊक नाही. याउलट मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व पूर्ण विस्ताराने ऐकायला मिळतात त्यात मोठा वाटा आहे तो घरगुती बैठकांत स्पूल आणि कॅसेटवर टिपून ठेवणाऱ्या रसिकांचा. त्यांचेच तर आपण टेपर म्हणून आभार मानायला हवेत.

पण आपल्याकडे ते झालं चोरून किंवा भिडेखातर. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. परवानगी नाही म्हणून उघड वाटता येत नाही, उघड वाटत नाही म्हणून नोंद नाही. कॅसेटवरून कॅसेट करताना दर पिढीला फुसफुस वाढते. एक डेक तीन टक्के जलद चालला की सूर साधारण अर्ध्या पट्टीने वर सरकतो, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी गवई गायल्यासारखा वाटतो, आणि मग बुवांनी त्या दिवशी पट्टी का बदलली यावर विद्वान वाद घालतात. वेष्टनावर ‘पुणे, ७०च्या सुमारास’ एवढंच. तबल्याला कोण? माहीत नाही. ठेवणारा गेला की कपाट भंगारात. बंदीने मुद्रण थांबलं का? नाही. फक्त त्याचं गाव, नाव आणि तारीख हरवली. कायदाही आपण समजतो तेवढा आडमुठा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ पासून कलावंताचा प्रयोगावरचा हक्क येतो, आणि कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही. पुढे जगाला वाटायचं तर संमती हवीच. आयोजकाला तिकिटाच्या अटीत मनाई घालायलाही मोकळीक आहे. म्हणजे गाडी अडली आहे ती कायद्यापाशी नाही, आयोजकांच्या टेबलापाशी.

मग तिथेच ठरवावं. मोबाईल खिशात, सगळ्यांचे, अपवाद नाही. आधी नाव नोंदवलेल्या पाच-सहा जणांना माइकच्या काठ्या लावू द्याव्यात, फक्त ध्वनी, चित्र नाही. पहिली प्रत कलावंताला. महिनाभरात त्याने नको म्हटलं तर ती बाहेर जाणार नाही. विक्री कधीच नाही. आणि नोंदीची फाइल नसेल तर पुढच्या वेळी जागा नाही. मागच्या लोकांना काठ्या आड येतील ही तक्रार ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमांतही होती. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीत त्यांनी टेपरना ध्वनी-टेबलाच्या मागे स्वतंत्र जागा दिली. आपल्या नाट्यगृहांत ध्वनी-टेबल बऱ्याचदा अगदी मागे, बाल्कनीखाली असतं, तिथे मात्र काठ्या लावून उपयोग नाही; छताखाली वरचे सूर दबतात आणि तबल्याचा बायाँ फुगतो. बाल्कनीची कड संपते त्याच्या दोन रांगा पुढे, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची रिकामी ठेवावी आणि काठीच्या पायांवर वाळूची पिशवी टाकावी. मध्यंतरात चहाला धावणाऱ्यांचा पाय त्यात हटकून अडकतो.